सातव्या दिवसाची ओळ

आईचा आवाज माझ्या फोनमध्ये एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद आहे. त्यात ती पाळणा म्हणते. पहिल्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत सगळा म्हणते, सातवा दिवस सुरू करते, आणि ‘आभाळ’ या शब्दातला ‘आ’ उमटतो न उमटतो तोच रेकॉर्डिंग थांबतं. त्या क्षणी मला कॉलेजातून फोन आला होता. सांगलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. कुणाला तरी कपाटाची किल्ली सापडत नव्हती. ती माझ्याच पर्समध्ये होती.

फोन संपवून मी म्हटलं, “आई, परत म्हण ना. पुढचं राहिलं.”

आई मेथी निवडत होती. वहिनीला दिवस गेल्याची बातमी त्याच सकाळी आली होती, आणि म्हणूनच मी मागे लागून तिला म्हणायला लावलं होतं. ती म्हणाली, “आता काय परत? भाजी राहिलीय सगळी. बारशाला ऐकशीलच की.”

बारसं झालं तेव्हा आई जाऊन पाच महिने होऊन गेले होते.

तिचा पाळणा मी पुष्कळ शोधला. ती गेल्यावर आमच्या ग्रंथालयातली लोकगीतांची होती नव्हती तेवढी पुस्तकं काढून बसले. बारशाला म्हणायचे पाळणे आपल्याकडे दिवस मोजत जातात, पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते झालं, असं बाराव्यापर्यंत. पहिले पाच दिवस थोड्याफार फरकाने सगळीकडे भेटले. सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तीही भेटली. सातवा दिवस मात्र आईचा होता तसा कुठेच नव्हता.

सातव्या दिवशी आभाळ वाकलं,
बाळीच्या टाळूला हळूच टेकलं.

मुलगा असला की ती ‘बाळाच्या’ म्हणायची. ही ओळ तिने स्वतःच रचली असावी असा मला संशय आहे. विचारलं असतं तर ‘कुणाची तरी ऐकली असंल’ म्हणून तिने उडवून लावलं असतं.

सहा दिवस त्या पाळण्याची चाल चार-पाच स्वरांतच फिरते, घरातल्या घरात कामं करत फिरावं तशी. सातव्या दिवशी ‘आभाळ’वर ती एकदम वर चढते आणि ‘हळूच टेकलं’ला पुन्हा खाली येते. आईचा मूळचा आवाज भरीव, जरा जाडसर होता. वर जाताना तो बारीक व्हायचा. पण कुठल्या जागी बारीक झाला ते कधी सापडायचं नाही. मी तेच करायला गेले की ‘आ’ आणि ‘भा’च्या मध्ये आवाज फुटायचा. खाली एक बाई गात होती, वर दुसरीच कुणीतरी, आणि मधलं दार धाडकन लागलेलं.

लहानपण कोयनानगरच्या कॉलनीत गेलं. वडील धरणावर नोकरीला होते. कॉलनीत माणसं चारी दिशांनी आलेली, घरात नवरा-बायकोच. सासू, मावशी, आत्या सगळ्या दूर आपापल्या गावी. त्यामुळे कुणाकडे मूल झालं की पाळण्याला आईला बोलावणं यायचं. एका बारशाला पाळणा चालू असताना जमीन हलली. कोयनेला धक्के नेहमीचेच, आम्हा पोरांना त्याचं फार काही वाटत नसे. फळीवरची भांडी वाजली, बल्ब डोलला, आणि कुणी हात न लावता पाळणाही हलला. बाया भराभरा अंगणात गेल्या. आईने बाळाला उचललं, अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी राहिली आणि राहिलेले दिवस उभ्यानेच म्हणून टाकले.

“आवं, कसलं गाणं म्हणताय? काळीज हातात आलंय आमचं,” शेजारची बाई म्हणाली.

“मग अर्धवट सोडू का?” आई म्हणाली. “त्याला काय कळतंय भूकंप हाय का काय हाय ते.”

मी सातवीत असताना प्रार्थनेच्या वेळी शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” त्यांचं तसं चुकलं नव्हतं. माझ्यामुळे पूर्ण रांग बेसूर होत होती. पण मी ते इतकं मनावर घेतलं की पुढची तीस वर्षं मी ओठच हलवत राहिले. गणपतीच्या आरतीत, राष्ट्रगीतात, मैत्रिणींच्या लग्नात. आईला एकदा हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आवाज हाय की तुला. वापरत न्हाईस एवढंच.”

शेवटचे बारा दिवस ती मिरजेच्या एका हॉस्पिटलात होती. मी सांगलीहून डबा घेऊन जायची. स्टँडवरून हॉस्पिटलकडे जाताना एका गल्लीत तंतुवाद्यांची दुकानं लागतात, आणि त्यांच्या पुढे एक बैठं घर. सकाळच्या वेळी त्या घरातून मुलींचा गाण्याचा क्लास ऐकू यायचा. आईला मी हे एकदा सहज सांगितलं, आणि मग तो रोजचाच प्रश्न झाला. तोंडावरचा मास्क जरा उचलून ती विचारायची, “आज काय म्हणत हुत्या पोरी?”

“सा रे ग म.”

“कालचंच?”

“कालचंच.”

“मग अजून कच्च्या हायत.”

एकदा सांगितलं, आज सगळ्या मिळून वर गेल्या आणि वर गेल्यावर एकीचा आवाज फुटला, तशा बाकीच्या हसल्या. आई मास्कच्या आत हसली. मास्कवर वाफ धरली. “माझ्या पोरीगत,” म्हणाली. नर्सने येऊन तिला गप्प राहायला सांगितलं.

ती गेल्यावर मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही. ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला आतून खायला लागली. पाचव्या दिवसापासून आईचा आवाज उतरतो. पहिले चार दिवस खणखणीत, पाचव्यापासून हळू, सहाव्याला आणखी हळू. म्हणजे त्याच दिवशी तिला दम लागत होता. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालेलं होतं, आणि ते टिपून घेणारा फोन हातात धरून मी समोर बसले होते. मला कळलं नाही. हे मी कुणाशी बोलले नाही, भावाशीसुद्धा नाही.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा, सैन्यात आहे. दिवसकार्य उरकून तो परत रुजू झाला. महिनाभराने त्याचा फोन आला.

“आक्के, बारशाला पाळणा कोण म्हणणार?”

“तिच्या माहेरच्या बायका म्हणतील की.”

“त्या त्यांचा म्हणतील. आपल्या आईचा कोण म्हणणार?”

“फोनवर लावू.”

“फोनवर आभाळापतोरच हाय. तू पाठवल्यापास्नं रोज ऐकतोय मी. तिथं आलं की परत पहिल्यापास्नं लावतो.” पुढे म्हणाला, “लेकराला आभाळ अर्धवट द्यायचं का?”

“मला गाता येत नाही रे.”

“मग शीक की. एवढी पुस्तकं वाचतीस ती कशाला?”

दुसऱ्या आठवड्यात मी मिरजेला त्या बैठ्या घरी गेले. आई गेल्यानंतर त्या गल्लीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. माझ्या इमारतीतल्या एका बाईंना कुणकुण लागली तेव्हा त्या म्हणाल्या, “वर्ष तरी सरू द्यायचं. सुतकात गाणं कसलं?” सुतक केव्हाच फिटलं होतं. तरी त्यांच्या म्हणण्यात काही चूक आहे असं मला वाटलं नाही. मीही चोरासारखीच जात होते.

क्लास घेणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्सची नोकरी केली आणि जोडीला गाणं चालू ठेवलं. निवृत्तीनंतर परीक्षेला बसणाऱ्या मुलींना शिकवायच्या. सतरंजीवर सात-आठ मुली बसलेल्या होत्या. सगळ्यात मोठी असेल बारा वर्षांची.

“काय शिकायचंय?” बाईंनी विचारलं.

“एक ओळ.”

“परीक्षेला नाही बसायचं?”

“नाही.”

“बरं झालं. म्हण.”

मी म्हटली. ‘आ’ आणि ‘भा’च्या मध्ये जे व्हायचं तेच झालं. मुली एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या.

“हसू नका गं,” बाई म्हणाल्या. “तुमचेही फुटतात. तुम्ही ओरडून झाकता.” मग मला म्हणाल्या, “भरलेली पत्र्याची पेटी जिन्याने ओढत वर नेल्यासारखं करतेस तू. खालचा जड आवाज तसाच्या तसा वर न्यायला बघतेस. एका पायरीला हात सुटतो आणि पेटी गडगडत खाली. वर जायचंय तर ओझं आधीच कमी करायला नको?”

त्यांनी हार्मोनियमवर माझा सूर धरला, पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी पाच, आणि मला खालून वर जायलाच मनाई केली. पहिला दीड महिना मी वरून खाली उतरत होते. वरच्या सा वर बारीक, हलका ‘ऊ’ धरायचा, इतका हलका की शेजारच्या मुलीलाही नीट ऐकू येऊ नये, आणि तसाच हलका ठेवून एकेक स्वर खाली यायचं. “उतरताना कुणाला दम लागत नाही,” बाई म्हणायच्या. ओठ सैल सोडून घोड्यासारखे फुरफुरवायचे आणि त्या फुरफुरण्यातच सूर वरखाली न्यायचा, हाही रोजचा पाठ होता. त्या वयात, गळ्यात चष्मा, कॉटनची साडी, आणि आठ मुलींबरोबर मी फुरफुरत होते.

“आत्या, तुमची थुंकी उडाली,” एक मुलगी म्हणाली. त्या मला पहिल्या दिवसापासून आत्याच म्हणत होत्या. का ते माहीत नाही.

वरचा आवाज मला खोटा वाटायचा. तसं मी बाईंना बोलूनही दाखवलं. “चोरून गायल्यासारखं वाटतं. हा माझा आवाजच नाही.”

“मग कुणाचा? तुझ्याच गळ्यातून आला ना? वापरात नाही म्हणून परका वाटतोय. पाव्हण्याला रोज घरात घेतलं की तो पाव्हणा राहत नाही.”

सराव मी ग्रंथालयात करायची. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत, जिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली असतात, तिथे कुणी फिरकत नाही. तिथे उभी राहून मी बारीक ‘ऊ’ काढायची. तिसऱ्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी दार वाजवलं.

“मॅडम, आत मांजर अडकलंय का बघू?”

“नाही मामा, मीच आहे.”

“मांजर काढताय व्हय?”

“गाणं म्हणतेय.”

“म्हणा, म्हणा,” म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले. पुढे महिन्याभराने एकदा आपणहून म्हणाले, “आता मांजरागत वाटत न्हाई.” बाईंनी असं कधी काही म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी वरून खाली येताना जोड लागायला लागला. बारीक आवाज खाली येता येता कुठेतरी आपोआप भरत जायचा, आणि ते ‘कुठेतरी’ मला दाखवता यायचं नाही. पण खालून वर जायची वेळ आली की पुन्हा तेच. त्यातून शब्द आले की आणखी वाईट. ‘आभाळ’ म्हणायचं म्हटलं की आवाज ‘आ’वरच अडायचा. तो सुरामुळे अडतो की आईमुळे, हे मला सांगता येत नव्हतं. एकदा त्या जागी येऊन मी ओळ सोडून दिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुली हसायच्या थांबल्या.

बाई उठून माझ्या मागे बसल्या आणि त्यांनी माझ्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवले. “रडायचं तर रड,” म्हणाल्या. “पण श्वास इथं घे. वर छातीत घेऊ नकोस. इथं. हं. आता रड.” मी रडले. त्यांचे हात तिथेच होते. जरा वेळाने त्या मुलींना म्हणाल्या, “तुम्ही काय बघताय? अलंकार म्हणा.” आणि मुलींनी सा रे ग, रे ग म करत अलंकार म्हटले.

मुली गेल्यावर त्यांनी विचारलं, “ही एकच ओळ का गं?”

मी त्यांना फोन काढून आईचं रेकॉर्डिंग लावून दिलं. त्यांनी चष्मा काढून, मान खाली घालून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, “परत.” परत लावलं. “परत.” तिसऱ्या वेळी पाचवा दिवस सुरू झाला तशी त्यांनी बोट वर केलं.

“इथं काय करतेय ते ऐकलंस?”

“तिला दम लागलाय,” मी म्हटलं. आजवर कुणाला न सांगितलेलं ते असं एकदम तोंडातून गेलं. “पाचव्या दिवसापासून तिचा आवाज उतरतो. तेव्हाच तिचं दुखणं सुरू झालं होतं. मी समोर बसले होते, आणि मला कळलं नाही.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या, “दम लागलेल्या माणसाचा श्वास मी आयुष्यभर ऐकलाय. रोज, आठ-आठ तास. तो असा नसतो. दम लागला की माणूस शब्द तोडतं, ओळीच्या मध्येच श्वास घेतं. ही बघ, अख्खी ओळ एका श्वासात म्हणतेय. सहाव्याचीसुद्धा. सटवाईनंतर श्वास घेतलाय तो किती सावकाश. मेथीची काडी मोडल्याचा आवाजसुद्धा येतोय त्यात.”

मी ऐकलं. खरंच येत होता.

“तिचा आवाज उतरलेला नाही. तिनं तो काढून घेतलाय. पुढं वर जायचंय हे तिला ठाऊक आहे, म्हणून दोन दिवस आधीपासून ती हलकी होत चाललीय. मी तुला इतके दिवस सांगतेय ते हेच. आणि तू ते फोनमध्ये घेऊन फिरतेयस.”

मी रेकॉर्डिंग पुन्हा पाचव्या दिवसावर नेलं.

“पुढं तिला काय झालं असेल ते असेल,” बाई म्हणाल्या. “पण हे म्हणताना ती आजारी नव्हती. गात होती.”

त्या दिवशी परतताना मी सांगलीची बस सोडून दिली. पुढचीही सोडली. स्टँडवर बसून कानाला फोन लावून पाचवा आणि सहावा दिवस ऐकत राहिले. वर जाणारी ओळ रेकॉर्डिंगमध्ये नव्हती, पण वर जायची सगळी तयारी त्यात होती. आई काय करते आहे ते आता ऐकू येत होतं. चौथ्या दिवसाच्या शेवटच्या अक्षरावर ती आवाज जरासा सैल सोडते. पाचव्याला तो निम्मा. सहाव्याला फक्त ओठांपाशी उरलेला. त्यानंतर ‘आभाळ’ला जाण्यासाठी चढावंच लागत नाही.

महिनाभर मी सहा दिवस आणि सातवा, एवढंच घोटलं. बारशाच्या आधीच्या शनिवारी ‘आभाळ’ पहिल्यांदा न फुटता गेलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “आता रोज शंभरदा म्हणू नकोस. घासून टाकशील.”

वहिनीचं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकाला अगदी लागून. बाळंतपण तिथेच झालं, मुलगी झाली, आणि भावाच्या रजेच्या बेताने बारसं सव्वा महिन्याने ठेवलं. तिकडे बाया निम्म्या मराठीत आणि निम्म्या कानडीत बोलतात, एकाच वाक्यात सुद्धा. मी पोहोचले तेव्हा दारात पाण्याचा टँकर उभा होता आणि सगळं घर घागरी घेऊन त्याच्या मागे होतं. भाऊही एक हंडा उचलून आत नेत होता. मला बघून म्हणाला, “आलीस? घसा कसा हाय?” जणू घशालाच आमंत्रण होतं.

वहिनीच्या आईची थोरली बहीण त्या घरात सगळ्यात वडील. तिला सगळे दोड्डव्वा म्हणत, म्हणजे थोरली आई. उंच, काटक, कपाळावर आडवं गोंदण. तरुणपणी मेंढरांमागे रानोरान हिंडलेली बाई. तिचा साधा बोलण्याचा आवाजही दोन शेतं ओलांडून जाईल असा.

मी सांगलीहून निघताना पांढरी पाचचा सूर डोक्यात धरून ठेवला होता. रस्ताभर मनात तोच गुणगुणत होते. पर्समधल्या फोनवर तानपुऱ्याचं ॲपही होतं. पाळणा सुरू करायच्या आधी हळूच कानाला लावून सूर घ्यायचा असं मी ठरवलं होतं.

तसं काही झालं नाही. आधी नाव ठेवायचं होतं, आणि नाव आत्या ठेवते. मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, ‘कुर्र’ केलं, आणि रिवाजाप्रमाणे बायांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आमच्याकडे हे नावापुरतं असतं. तिथे तसं नव्हतं.

“आत्याबाईची पाठ मऊ हाय गं!” दोड्डव्वा ओरडली. “पुस्तकं वाचून वाचून मऊ झालीया!” आणि तिने असा एक ठेवून दिला की मी जपून ठेवलेला श्वास, सूर, सगळं एका दमात बाहेर पडलं. मला हसू आवरेना. वहिनीही हसत होती, बाळंतिणीने हसू नये म्हणून तिची आई तिला दटावत होती.

मी सावरायच्या आत दोड्डव्वाने पाळण्याची दोरी हातात घेऊन त्यांचं जोगुळ सुरू केलं. जोगुळ म्हणजे कानडी पाळणा. जिच्या हातात दोरी तिने सूर धरायचा, आणि एकदा पाळणा हलला की बाळ झोपेपर्यंत सूर सोडायचा नाही, ही तिथली पद्धत. एकीचं संपलं की दुसरीने तिथूनच उचलायचं. दोड्डव्वाचा सूर माझ्या सुराहून तीन-चार स्वर वर होता. रानातल्या रानात हाक मारायचा सूर तो. दोन बायांनी उचलला, त्यांचं झालं, आणि दोड्डव्वा मानेनेच मला म्हणाली, चल.

“मी जरा खालून धरू का?” मी कुजबुजले.

“सूर मोडू नको ताई, लेकरू दचकंल,” ती म्हणाली. दोरी तिने थांबवली नाही.

त्या सुरात माझा आवाज सातव्या दिवसाला नाही, पहिल्याच दिवसाला फुटला असता. सरावातली एकही जागा त्या सुरात उपयोगाची नव्हती. विचार करायला वेळही नव्हता. पाठ अजून झणझणत होती, श्वास आपोआप खाली बरगड्यांत गेला होता. मी पहिला दिवसच हलका धरला. आईने पाचव्याला धरला होता त्याहूनही हलका. बाया पुढे सरकल्या, कारण नीट ऐकू येईना. टँकरवाल्याला कुणीतरी “इंजिन बंद कर रं” म्हणून सांगितलं. दुसरा, तिसरा, चौथा. सटवाई आली आणि गेली. मग ‘सातव्या दिवशी’ म्हटलं आणि ‘आभाळ’ म्हटलं.

आवाज बारीक होता, त्यात थोडी हवा मिसळलेली होती, ‘भा’वर जरा खरखरलाही. पण तो फुटला नाही. ‘टाळूला’ला तो परत माझ्या ओळखीच्या जागी आला. ‘हळूच टेकलं’. भाऊ दारात उभा होता. त्याने मान फिरवून अंगणाकडे बघायला सुरुवात केली.

आणि मग मी थांबले. कारण पुढे आठवा दिवस होता, आणि आठवा दिवस मला येत नव्हता.

हे आजही कुणाला सांगताना मला लाज वाटते. साडेतीन महिने मी एका ओळीसाठी झटले, आणि त्या पाळण्याला आणखी पाच दिवस आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रेकॉर्डिंग जिथे तुटलं होतं त्याच्या पुढे दोन पावलं टाकायची एवढंच मी धरून बसले होते. लहानपणी ते पाच दिवस मी शंभर वेळा ऐकले असतील. त्या वेळी एक शब्द आठवेल तर शपथ. मी भावाकडे बघितलं. त्याने दारातूनच मान हलवली. त्यालाही येत नव्हता.

पाळणा एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. तेवढाच वेळ गेला असेल. दोड्डव्वाने माझा सूर जिथे टेकला होता तिथूनच उचलला आणि आठवा दिवस कानडीत म्हटला. नववा तिच्या पाठच्या बहिणीने, मराठीत, बहुधा तिथल्या तिथे जुळवून, कारण त्यात टँकर होता. बाया खुदखुदल्या. दहावा आणि अकरावा पुन्हा कानडी. बारावा सगळ्यांनी मिळून. बाळ नवव्यालाच झोपलं होतं, पण बारावा झाल्याशिवाय कुणी उठलं नाही.

जेवणं झाल्यावर मी मागच्या पडवीत भांडी पुसत होते. भाऊ येऊन शेजारी उकिडवा बसला. एक ताट त्याने माझ्या हातातून घेतलं.

“पुढचं खरंच गेलं काय गं?” त्याने विचारलं.

“गेलं. कॉलनीतलं कुणी भेटलं तर विचारून बघू. पण बहुतेक गेलंच.”

तो बराच वेळ तेच ताट पुसत राहिला. मग म्हणाला, “सातवा आला पण.”

दोड्डव्वा आतून तंबाखूची चंची घेऊन आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. “ते आभाळाचं शिकीव मला,” म्हणाली. “आमच्यात सातव्याला नुसतं काजळ हाय. हे बरं हाय.”

मी शब्द सांगितले. तिला दोनदा सांगावे लागले नाहीत. चाल म्हणायला लागली, आणि ‘आभाळ’ला आली तशी वर जायच्या ऐवजी सरळ खाली उतरली, पार खर्जात, विहिरीत बादली सोडावी तशी.

“तिथं वर जायचं असतं,” भाऊ म्हणाला.

“का म्हणून?” दोड्डव्वा माझ्याकडे वळून म्हणाली. “आभाळ वाकलं म्हणतीस ना? वाकलं म्हंजे खाली आलं. आमच्याकडं ते आधीच लय वर हाय, म्हणून तर टँकर लागतो.”

भाऊ मोठ्याने हसला. आई गेल्यापासून मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. आतून वहिनीचा दबका आवाज आला, “हळू की हो! आत्ता कुठं परत डोळा लागलाय तिचा.”

दोड्डव्वाने तंबाखू मळली आणि पुन्हा सुरू केलं, हळू आवाजात. मी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं आणि तिच्याबरोबर ती ओळ तिच्या चालीने, खाली उतरत, म्हणायला लागले.